छतावरची बारा पानं

पाहणीला आलेल्या बाईंच्या टॉर्चचा गोल छतावरून सरकत सरकत पंचविसाव्या पानापाशी आला, तसा मिस्त्रीने सहज टेकवल्यासारखा आपला अंगठा त्या पानाच्या कडेवर ठेवला. सहज म्हणजे काय, तर परांचीच्या फळीवर चवड्यांवर उभं राहून, डावा हात खांद्यापासून ताणून. साठी उलटलेला माणूस इतक्या कष्टाने सहज उभा राहिलेला बाईंनी आजवर पाहिला नसेल.

“हात काढा जरा,” बाई म्हणाल्या.

“चुना सुटतोय इथला. धरून ठेवलाय.”

“सुटू दे. मला तेच बघायचंय.”

मिस्त्रीने हात काढला. पानाच्या डाव्या कडेला, देठापासून दोन बोटं वर, नखाएवढी खाच होती. बाईंनी टॉर्च जवळ नेला, मान तिरकी करून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग टॉर्च सव्विसाव्या पानावर गेला. तिथेही तीच खाच, त्याच जागी, तेवढीच. सत्ताविसाव्यावर तीच. मिस्त्रीला दोनच हात होते आणि पुढे अजून नऊ पानं होती, त्यामुळे त्याने प्रयत्न सोडून दिला.

वाचनालयाच्या मोठ्या दालनाचं हे छत. मधोमध दिव्याचा आकडा, आणि त्याच्याभोवती गिलाव्यात उठवलेल्या छत्तीस पानांचं कडं. एकेक पान हातभर लांब. खाली बसून वाचणाऱ्यांच्या किती पिढ्यांनी कंटाळा आला की मान मागे टाकून ती पानं मोजली असतील, याचा हिशोब नाही. दोन वर्षांपूर्वी छत एका कोपऱ्यातून खाली येऊ लागलं, तेव्हा दालनाला कुलूप लागलं आणि वाचक जिन्याखाली बसून वाचू लागले. त्याच्याही आधीपासून ग्रंथपाल जुन्या वारसा इमारतींसाठीच्या सरकारी निधीच्या मागे होते. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण ज्याने केली तो फारच आशावादी माणूस असावा. इथे चार वर्षं गेली. प्रस्ताव तीनदा परत आला, एकदा तर इमारतीचं वय सिद्ध करा म्हणून आला. आता कुठे निधीच्या या बाई स्वतः पाहणीला आल्या होत्या. तीन दिवस राहणार, पान अन् पान तपासणार, आणि त्या लिहितील त्यावर सगळं ठरणार.

निधीचे नियम ग्रंथपालांनी मिस्त्रीला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले होते. मूळ काम आहे तसं राखायचं. मागाहून झालेली दुरुस्ती मुळाबरहुकूम असेल तर तीही राखायची. सदोष असेल तर काढून टाकायची आणि त्या जागी मुळासारखं नवीन करायचं.

“म्हणजे तुम्हालाच काम, मिस्त्री,” ग्रंथपाल म्हणाले होते. “ती खाचांची बारा पानं काढून नवी करायची. इतकी वर्षं डोळ्यांत खुपतायत.”

मिस्त्री हो म्हणाला होता, घरी आला होता आणि जेवण अर्धं टाकून उठला होता.

कारण ती बारा पानं त्याच्या धाकट्या भावाची होती.

धाकटा आता या गावात नव्हता. सव्वीस वर्षं नव्हता. जाण्याआधी त्याने हाताने केलेलं बरंच काही होतं: दोन बंगल्यांचे सज्जे, एका दवाखान्याची कमान, एका दुकानाच्या माथ्यावरचे मोर. बंगले पाडून इमारती झाल्या, दवाखान्याने कमानीवर पाटी ठोकली, मोरांवर दुकानदाराने चकचकीत फरशी चिकटवली. मिस्त्री कामाला जाता-येता एकेक गोष्ट नाहीशी होताना बघत आला होता. उरली ती ही बारा पानं. त्यांच्यातही दोष होता, पण त्याच्या भावाचं जगात एवढंच दिसण्यासारखं शिल्लक होतं, आणि मिस्त्रीला ते कुणाच्याही हातोड्याखाली जाऊ द्यायचं नव्हतं. आपल्या स्वतःच्या तर नाहीच.

“ही बारा दुरुस्तीची दिसतायत,” बाई म्हणाल्या. “कधी झाली?”

“दुरुस्ती?” मिस्त्री म्हणाला. “छे. सगळी मूळचीच आहेत. माझे वडील सांगायचे.”

“मग बारांनाच खाच कशी?”

“शिडी लागली असेल.”

“बारा पानांना? एकाच जागी?”

मिस्त्रीने थोडा विचार केला. “मोठी शिडी होती,” तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मिस्त्री तोंड फिरवून परांचीची दोरी घट्ट आहे की नाही ते तपासू लागला. आयुष्यभरात त्याने चुन्यात माती मिसळली नव्हती की कुणाला कमी जाडीचा गिलावा दिला नव्हता. खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाचं खोटं नव्या जोड्यासारखं करकरतं, तसं त्याचं करकरलं होतं, आणि ते त्याला स्वतःलाही ऐकू गेलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी छत असंच गळलं होतं आणि बारा पानं खाली पडून त्यांचा चुरा झाला होता. तेव्हा निधी वगैरे काही नव्हतं, वाचनालयाच्या मंडळाने वर्गणी काढली आणि काम दोघा भावांना दिलं. आईवडील लवकर गेल्यामुळे धाकट्याला मिस्त्रीनेच वाढवलेलं, मिस्त्रीच्या बायकोने भरवलेलं. हातात थापी मिस्त्रीनेच दिलेली. पण हात असा, की शिकवणाऱ्याने मनातल्या मनात कान धरावेत. मिस्त्रीने जिना आणि भिंती घेतल्या, पानं धाकट्यावर सोपवली. उरलेल्या चोवीस पानांतलं एक उतरवायचं, त्यावरून साचा घ्यायचा आणि बारा ओतून बसवायची.

दालन पुन्हा उघडायच्या आदल्या दिवशी मिस्त्री वर चढला आणि त्याने बारा पानांवरच्या बारा खाचा पाहिल्या. बाकीची जुनी पानं सरळ कडेची, ही बारा कुरतडल्यासारखी. जे पान साच्यासाठी उतरवलं होतं त्यालाही तीच खाच (मूळचं पान म्हणून मिस्त्रीने ती पुढे चुन्याने बुजवली). झालं ते उघड होतं. पोराने साचा घेताना पानाचा टवका उडवला होता आणि तोच बारा वेळा ओतला होता.

“पान फोडलंस ते फोडलंस,” मिस्त्री म्हणाला होता. “वर लपवलंसही.”

“दादा, मी फोडलं नाही. ती खाच त्यात होतीच.”

“होती? मग बाकीच्यांत का नाही?”

“एखादं दुसरं पान धुऊन बघ ना. मी हे पूर्ण धुतलं होतं.”

खाली मंडळाचे लोक उभे होते, रंगारी होते, सतरंज्या टाकणारे होते. सगळे वर बघत होते. मिस्त्रीच्या त्या काळी नाकावर माशी बसत नव्हती. कालच्या पोराने आपल्याला पान धुवायला सांगावं, तेही चारचौघांत, हे त्याला सोसलं नाही.

“मला शिकवू नकोस,” तो म्हणाला होता. “ज्याला चूक कबूल करता येत नाही, त्याने माझ्या परांचीवर पाय ठेवायचा नाही.”

धाकटा खाली उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातूनही उतरला. भांडणानंतरच्या पहिल्या महिन्यात सगळे म्हणत होते, पाण्यावर काठी मारली म्हणून पाणी तुटत नसतं. मिस्त्रीही तेच म्हणत होता. येईल, चुकलं म्हणेल, आपण दोन शब्द सुनावू आणि ताट वाढायला सांगू. वर्ष गेलं, तेव्हा तो म्हणू लागला, चुकलं म्हणाला नाही तरी चालेल, आला म्हणजे झालं. पाच वर्षं झाली, तेव्हा काहीच म्हणेनासा झाला. बायको मात्र अधूनमधून म्हणायची.

“तुमचं नाक तेवढं वर राहिलं,” ती म्हणायची. “माझं पोर गेलं.”

दर चार-पाच वर्षांनी वाचनालयाला सफेदी व्हायची. मिस्त्री तेव्हा स्वतः वर चढायचा आणि रंगाऱ्यांना सांगायचा, त्या बारा पानांना जाड हात द्यायचा नाही, मी करतो. आणि बारीक कुंचल्याने, खाचांत चुना भरणार नाही अशा बेताने, एकेक पान रंगवायचा. पहिल्या वेळी त्याने हे रागाने केलं होतं: राहू दे चूक दिसत, येईल तेव्हा दाखवू. पुढच्या वेळी राग आठवावा लागला. त्यानंतर त्याला कळून चुकलं, की आपल्याला या खाचांची माया जडली आहे. भाऊ भेटत नाही, तर निदान त्याची चूक तरी नीट जपावी, इतपत ती गोष्ट आली होती.

आणि चुना आणायला तो स्वतः जायचा. चुनेवाला दोन शहरांना माल पुरवायचा, आणि दुसऱ्या शहरात धाकटा होता, दुकानांची छतं करत होता. चुनेवाल्याकडून तुकड्यातुकड्याने कळायचं: लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले.

“मिस्त्री, दोन पोती न्यायला तुम्ही दोन तास बसता,” चुनेवाला म्हणायचा. “चुन्याशी गप्पा मारायच्या असतात का?”

मिस्त्री म्हणायचा, पाय दुखतात. एकदा चुनेवाल्याची वही उघडी होती आणि तिच्यात धाकट्याचा नंबर होता. मिस्त्रीने तो समोरून, उलटा वाचला आणि घरी येईपर्यंत पाठ केला. त्याला सात वर्षं झाली होती. नंबर अजून पाठ होता. लावला कधीच नव्हता.

“आपण असं करू,” बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कापूस, पाण्याची बाटली आणि बांबूची एक बोथट काडी काढली. “नवव्या पानावरची सफेदी उतरवून बघू. मूळ कडा कशी आहे ते एकदा कळलं, की या बारांचं काय करायचं ते ठरवता येईल.”

“ते कशाला?” मिस्त्री म्हणाला. “ते चांगलं धडधाकट आहे.”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? इथेच आहे पान, धुऊन बघायचं.”

त्यांनी कापूस ओला करून पानाच्या कडेवर धरला. धरला आणि नुसत्या थांबल्या. चुना भिजायला वेळ लागतो हे मिस्त्रीला त्यांच्याआधी चाळीस वर्षं ठाऊक होतं, तरी त्यांची ती थांबण्याची रीत त्याला आवडली. मग काडीने अलगद, पापुद्रा पापुद्रा. पांढरा, पिवळट, निळसर, पुन्हा पांढरा. शंभर-सव्वाशे वर्षांत किती हात बसले होते कोण जाणे. त्यातले सहा मिस्त्रीच्या देखत बसलेले. बऱ्याच वेळाने बाईंची काडी एका जागी अडकली. त्यांनी ती जरा फिरवली. कडेतून नखाएवढा चुन्याचा एक गड्डा सुटला आणि मिस्त्रीच्या मनगटावर पडला.

डाव्या कडेला, देठापासून दोन बोटं वर, खाच होती.

बाईंनी टॉर्च आडवा धरला. “बघा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “तुटलेली नाही ही. कोरलेली आहे. कड गोल केलीय बघा आतून. अळीने खाल्लेलं पान केलंय त्या माणसाने. इतक्या उंचीवर, कुणाला दिसणार नाही हे माहीत असून.”

मिस्त्रीने बाईंच्या हातून कापूस मागून घेतला.

तो दहाव्या पानाकडे गेला. पूर्ण पान धुवायचं नव्हतं, तेवढीच जागा. भिजवली, थांबला, काडी लावली. खाच. अकराव्याकडे गेला. बाई काहीतरी विचारत होत्या, खालून ग्रंथपाल “चहा मागवू का” म्हणून ओरडत होते. बारावं. तेरावं. हात सावकाश चालत होता, कारण तो घाईने चालवता येत नाही, पण मनात तो एकच गोष्ट मागत होता. एक तरी निघावं. चोविसांत एखादं तरी पान सरळ कडेचं निघावं, म्हणजे म्हणता येईल, की तेव्हा मी धुतलं असतं ते पान नेमकं हेच असतं. त्याच्या पायांना कळ लागली, बाही कोपरापर्यंत भिजली, मानेत चुन्याचं पाणी उतरलं. शितावरून भाताची परीक्षा होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. हा माणूस शीत न् शीत चाचपून बघत होता. चोविसावं झाल्यावर तो पहिल्याकडे वळला, आणि दुपार कलली तेव्हा आठवं, चोविसांतलं शेवटचं पान झालं. त्यालाही होती.

मिस्त्री फळीवर बसला. पाय खाली सोडले आणि दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले. एका पानाला फार तर घटकाभर लागली होती. सव्वीस वर्षांपूर्वीही तेवढीच लागली असती.

बाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

“आता माझी पंचाईत झाली,” त्या म्हणाल्या. “छत्तीसच्या छत्तीस एकसारखी. नवी कुठली, जुनी कुठली, मला सांगता येत नाहीये. सकाळी तुम्ही सगळी मूळची म्हणालात. खरं काय?”

“ही बारा माझ्या भावाने केलीत.”

“मग खोटं का बोललात?”

“तुम्ही काढून टाकाल म्हणून.”

बाईंनी वहीचं पान उलटलं. “काढायचा प्रश्नच नाही आता. ज्याने ही केली त्याने आधी एक पान पूर्ण धुतलं असणार, बाकी कुणाला सुचलं नाही ते. असं काम माझ्या नोंदीत नावानिशी जातं. काय नाव त्यांचं?”

मिस्त्रीने नाव सांगितलं. सव्वीस वर्षांत ते त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. घरात बायकोसुद्धा ‘माझं पोर’ म्हणायची आणि तो ‘तो’ म्हणायचा. नाव सांगून त्याने घशात चुना गेला म्हणून खोकून घेतलं.

“कुठे असतात? निधी मंजूर झाला की कोपऱ्यातली पडझड करायला असा माणूस लागेल. तुम्ही दोघं मिळून कराल का?”

“विचारून सांगतो,” मिस्त्री म्हणाला.

तो खाली उतरला. ग्रंथपाल पुढे आले आणि त्यांनी बाईंचं मत कसं काय आहे असं डोळ्यांनीच विचारलं. “चांगलं आहे,” मिस्त्री म्हणाला, “मंजूर होईल तुमचं,” आणि न थांबता बाहेर गेला. वाचनालयाच्या पायऱ्यांवर ऊन होतं. जिन्याखालच्या बाकावर दोन म्हातारे एकाच वर्तमानपत्राचे दोन भाग वाचत बसले होते. त्याने अंगरख्याला हात पुसले, तरी फोनवर पांढरे ठसे उमटले. नंबर एकदाही न अडखळता लागला.

“हॅलो?” मुलीचा आवाज होता. अठरा-एकोणीस वर्षांची असेल.

मिस्त्रीने धाकट्याचं नाव घेऊन विचारलं, आहेत का.

“बाबा कामावर गेलेत. फोन घरीच विसरलेत. कोण बोलतंय?”

“मी त्यांचा दादा बोलतोय.”

“कोण दादा?”

“मोठा भाऊ.”

“बाबांना भाऊ नाहीये,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आढ्यता नव्हती, घरात जे आहे तेच ती सांगत होती. “नंबर चुकला असेल तुमचा.”

मिस्त्री पायरीवर बसला. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने पान उलटलं आणि दुसऱ्याने त्याच्याकडे हात पसरून ते मागून घेतलं. एवढा वेळ फोन कानाशी होता आणि पलीकडच्या मुलीनेही तो ठेवला नव्हता.

“छतांचं काम करतात ना ते?” त्याने विचारलं. “नक्षीचं?”

“हो.”

“मग नंबर बरोबर आहे, बाळ. एक निरोप देशील?”

“थांबा, लिहून घेते.” खण उघडल्याचा आवाज आला. “हं, सांगा.”

“म्हणावं, वाचनालयातली बाकीची पानं आज धुऊन बघितली. चोवीसच्या चोवीस. सगळ्यांना खाच आहे.”

मुलीने सावकाश, शब्द म्हणत म्हणत लिहून घेतलं. तिला त्यातलं काही कळलं नसावं, पण तिने एकही शब्द गाळला नाही. “सगळ्यांना... खाच आहे. बरं. आणि निरोप कुणाचा म्हणून सांगू? कुणीतरी दादा, असं?”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. “ज्याचं चुकलं, त्याचा.”



“असंच लिहू?”

“असंच लिही.”